मुक्ताचा विराम आणि माझा चष्मा

माझ्या मुलीला बोलायला मीच शिकवलं. म्हणजे ती दीड वर्षाची असताना नव्हे, सतरा वर्षांची झाल्यावर.

मुक्ता आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. मुद्दे चोख होते, पण बोलायची अशी, की जणू मागून कुत्रं लागलंय. मला कॉलेजात वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं (स्पर्धक चार होते आणि बक्षिसंही चार), त्यामुळे तिला सुधारण्याची जबाबदारी मी स्वतःहून घेतली.

"अहो, तिचं तिला बोलू द्या ना," ही म्हणाली.

"भाषणात विराम लागतो. तो अनुभवानेच येतो," मी म्हणालो.

"मग तुम्ही घ्या थोडा."

मी लक्ष दिलं नाही. मुक्ताला खुणा ठरवून दिल्या. मी कानाला हात लावला की आवाज वाढवायचा. चष्मा काढला की थांबायचं, आणि परत घातला की पुढे बोलायचं. आठवडाभर हडपसरच्या आमच्या दिवाणखान्यात सराव झाला. पोरगी इतकी आज्ञाधारक, की माझं मलाच कौतुक वाटलं.

स्पर्धा सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात होती. विषय होता, 'तरुणांना पालकांच्या मार्गदर्शनाची गरज आहे'. मुक्ता अनुकूल बाजूने बोलणार होती. मी पाचव्या रांगेत, तिला नीट दिसेन असा बसलो.

सुरुवात झकास झाली. "आपण चुकतो, तेव्हा आपल्याला सावरायला कोण असतं?" तिने विचारलं. मी चष्मा काढला. ती थांबली. सभागृह शांत झालं. मी खूश झालो आणि त्या खुशीत चष्मा हातातून निसटला.

चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस आहे की खांब, तेही कळत नाही. मी वाकलो. मुक्ता थांबलेलीच. लोकांना विराम फार आवडला. दोघा-चौघांनी टाळ्याही वाजवल्या. मी गुडघ्यांवर आलो. टाळ्या विरल्या. एक परीक्षक घड्याळ बघू लागले (हे मुक्ताने नंतर सांगितलं). मी एका आजोबांची चप्पल चाचपत होतो.

"काय हवंय आपल्याला?" आजोबांनी विचारलं.

"चष्मा."

"तो पायात घालत नाहीत."

तेवढ्यात माइकवरून मुक्ताचा आवाज आला. स्वच्छ, ठाम, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"बाबा, चष्मा तुमच्या डाव्या पायापाशी आहे. घाला आणि बसा."

मी घातला आणि बसलो. ती पुढचं सगळं मोकळेपणाने, माझ्याकडे न बघता बोलली. मी दोनदा कानाला हात लावला, तोही वाया गेला.

मग प्रतिकूल बाजूचा मुलगा उठला. "पालकांच्या मार्गदर्शनाबद्दल मी वेगळं काय बोलू?" तो शांतपणे म्हणाला. "आत्ताच आपण ते खुर्चीखाली पाहिलं."

त्याला पहिलं बक्षीस मिळालं, मुक्ताला दुसरं. निकाल सांगताना मुख्य परीक्षक म्हणाले, "मुक्ताचं बोलणं अधूनमधून घोटवल्यासारखं वाटलं. वडिलांना उद्देशून बोलल्यापासून मात्र ते अगदी नैसर्गिक झालं. तेवढा भाग कोणी शिकवलेला नसावा."

सभागृहात सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला घरी गेल्यावर हिने समजावून सांगितला, मधे भरपूर विराम घेत.