सहाव्या रस्त्याची धूळ

फेर्नांद ब्रासारने एकदा ठरवलं की ठरवलं. सरोवराकाठच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, रेआलला, तर लग्नाच्या आठवड्यातच कळून चुकलं होतं. म्हणून त्या ऑक्टोबरात ती जुन्या चटईवर उताणी होऊन गाडीखाली शिरली तेव्हा तो गॅरेजच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "अगं, सूप गार होतंय."

"होऊ दे," गाडीखालून आवाज आला. "सूप पुन्हा गरम करता येतं. गंज लागला की मागे फिरत नाही."

गाडी निळी होती आणि जुनी होती. वरून कुणीही लग्नाला घेऊन जावी अशी दिसे, पण खालून तिची अवस्था नाजूक होती. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बर्फ वितळवतं, माणसं वाचवतं, आणि गाड्या खालून खात बसतं. गावातल्या मिस्त्रीने टॉर्च मारून पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, "मन लावून केलंस तर हा हिवाळा काढेल. नाहीतर देव बघून घेईल." देवावर सोपवण्यातली फेर्नांद नव्हती.

कारण रेआलची मूत्रपिंडं दमली होती. आठवड्यातून तीनदा त्याला सरोवराच्या पलीकडच्या इस्पितळात न्यावं लागे, तिथे यंत्र त्याचं रक्त धुऊन द्यायचं, आणि ती त्याला न्यायची याच गाडीतून. त्यांची मुलगी मीरेय शहरात राही. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच पालुपद असायचं. "आई, घर विका आणि इकडे या. आमच्या घरापासून इस्पितळ दोन चौकांवर आहे. जानेवारीत रस्त्यात गाडी बंद पडली तर बाबांना काय खांद्यावर घेऊन जाणारेस?"

शेवटी फेर्नांदने शब्द दिला होता. "ज्या दिवशी गाडी दगा देईल, त्या दिवशी सामान बांधते. त्याआधी एक डबाही बांधणार नाही."

 त्या संध्याकाळी रेआल बराच वेळ खिडकीतून सरोवराकडे पाहत बसला होता, आणि ते तिने पाहिलं होतं. तो शहरात जगेल, पण जगेल म्हणजे नुसता दिवस ढकलेल, हे तिला कळत होतं. म्हणून गाडी टिकायला हवी होती. दुसरं काही नाही.

तर आठवडाभर ती कंबर कसून कामाला लागली. आधी खालून जोराच्या पाण्याने धुतलं, चाकांच्या कमानींत अडकलेला गेल्या वर्षीचा चिखल बोटांनी उकरला. वरचा रंग मऊ चिकणमातीच्या गोळीने घासून गुळगुळीत केला. खडी उडून जिथे टवके गेले होते तिथे नखाएवढ्या कुंचल्याने निळे ठिपके दिले, वाळू दिले, मग मेण लावून पुसलं, आणि पुन्हा लावलं. दारांच्या रबराला सिलिकॉन चोळलं, नाहीतर थंडीत दार असं चिकटतं की उघडताना रबरच हातात येतं. मग ब्रेकवर पिशव्या बांधून, खालच्या पोकळ्यांची बुचं काढून, आत नळी घालून तेलाचा फवारा मारला. पाणी वाहून जायची भोकं तेलाने बुजू नयेत म्हणून विणायच्या सुईने एकेक मोकळं केलं. रेआल पुठ्ठे अंथरत होता, कारण तेल दोन दिवस ठिबकत राहतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"धूळ राहिली."

आमच्याकडे तेल दिलेली गाडी कोरड्या दिवशी कच्च्या रस्त्यावरून पिटाळतात. धूळ उडते, तेलावर बसते आणि त्याचं कवच बनतं, मग तेल सहजासहजी धुऊन जात नाही. पण मधल्या काही वर्षांत नगरपालिकेला डांबराचा सोस जडला होता. पहिला रस्ता काळा झाला, मग दुसरा, मग सगळेच. कच्चा उरला तो फक्त सहावा, आणि सहाव्या रस्त्यावर राहायचा ओनिल.

ओनिल तिचा धाकटा भाऊ. आठ वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यांची आई ओनिलच्या घरी वारली, मध्यरात्रीनंतर, आणि त्याने फेर्नांदला फोन केला तो उजाडल्यावर. वर म्हणाला, "तू दमली होतीस, म्हटलं झोपू द्यावं." ती पोचली तेव्हा आईचे हात गार पडले होते. त्याने वाईट हेतूने केलं नाही हे तिला तेव्हाही समजत होतं, पण समजल्याने राग कमी होतो असं थोडंच आहे?

"दुसरा रस्ता नाही," ती म्हणाली.

"मग जा की," रेआल म्हणाला. "रस्ता काय त्याच्या बापाचा आहे? आणि असला, तर तो तुझाही बाप."

शनिवारी कोरडा वारा सुटला आणि ती निघाली. सहाव्या रस्त्यावर वळली आणि पाय दाबला. मागे धुळीचा हा लोट. ओनिलच्या अंगणात दोरीवर चादरी होत्या आणि तो स्वतः त्याच्या पांढऱ्या ट्रकला मेण लावत होता. सगळी धूळ ट्रकवर. फेर्नांद नाकासमोर बघत पुढे गेली. पुलापाशी वळली आणि परत आली, कारण एका खेपेत कवच बसत नाही. ओनिल फडकं हातात धरून उभा होता. तिसऱ्या खेपेला त्याने रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावलेला होता.

तिने ब्रेक मारला आणि काच खाली केली. "काढ तो."

"उतर आधी."

"चादरी धुऊन देईन तुझ्या. काढ ट्रॅक्टर."

"तबारनाक, चादरी गेल्या खड्ड्यात!" तो म्हणाला आणि शिवी देऊन होते न होते तोच रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली डोकावला. खालची धूळ बोटावर घेऊन त्याने जिभेला लावली, थुंकला, आणि बोट तिच्यापुढे धरलं. "चाटून बघ."

तिने चाटलं. खारट लागलं.

"उन्हाळ्यात नगरपालिकेने या रस्त्यावर धूळ बसवायचं मीठ फवारलं; त्याचा जोर ओसरला, मीठ मातीतच राहिलं. इथून पुलापर्यंत. मीच अर्ज केला होता, चादरींसाठी. या रस्त्यावर येत असतीस तर ठाऊक असतं तुला."

फेर्नांद गाडीला टेकून उभी राहिली. आठवडाभराची मेहनत, आणि वर तिने आपल्या हाताने तेलात मीठ कालवून लेप दिला होता. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं, पण ओनिलसमोर ती रडणार नव्हती. घरी जाऊन धुवावं, तर तेलाचा डबा संपला होता, दुकान सोमवारी उघडणार, आणि रेडिओ उद्यापासून पावसाचं सांगत होता. पावसानंतर थेट बर्फ. तिला सरोवराकडे बघत बसलेला रेआल आठवला.

"पाण्याला जोर आहे का तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"आहे."

"तेल?"

"आहे. पण दुसरा कोट घाल, अंगावरचा हा चांगला खराब होईल."

त्याने आणून दिलेला कोट आईचा होता. फेर्नांदने तो घातला. दोघांनी गाडी फळ्यांच्या उतारावर चढवली, खालून धू धू धुतली, वाऱ्यावर सुकवली आणि पुन्हा तेल दिलं. ओनिल भोकं मोकळी करत होता तर ती म्हणाली, "तारेने नको, रंग खरवडतोस," आणि केसांतली पिन काढून दिली. त्याने ती घेतली. ऊन कलायच्या आत त्याने ब्लूबेरीच्या शेताचं फाटक उघडलं. आतली वाट कोरडी होती, आणि तिच्यावर कधी कुणी काही फवारलेलं नव्हतं. फेर्नांदने त्या वाटेवर गाडी सात-आठदा पिटाळली. ओनिल दर खेपेला वाकून बघायचा आणि हाताने खूण करायचा, अजून एकदा.

शेवटी तो खिडकीशी आला. धुळीने दोघांच्या भुवया एका रंगाच्या झाल्या होत्या.

"जानेवारीत सकाळी सुरू झाली नाही तर फोन कर," तो म्हणाला. "माझा ट्रक आहे. मी नेईन रेआलला."

"आम्ही पहाटे पाचला निघतो. तू झोपलेला असशील."

ओनिलने मान खाली घातली. बूट मातीत घासत तो हळूच म्हणाला, "मग उठव मला."

फेर्नांदने गाडी सुरू केली. कोट अजून तिच्या अंगावरच होता आणि तो तिने परत दिला नाही.

"उठवीन," ती म्हणाली. "उठवायचंच असतं, ओनिल."