चोरलेली आई

माझ्या मार्गदर्शकांनी माझी आई चोरली. नुसता विचार चोरला असता तर मी गप्प बसले असते; विद्यापीठात तेवढं चालतंच.

माझा प्रबंध लाजेवर आहे. जुन्या चिनी विचारवंतांचं एक भांडण आहे: लाज माणूस जन्मतःच घेऊन येतो, की ती सवयीनं अंगी बाणवावी लागते? सुरतेत बसून चीनच्या लाजेचं काय करणार, असं नातेवाईक विचारायचे. मी उदाहरण घरातलंच घेतलं होतं. डिंडोलीतल्या आमच्या खोलीत आई एका व्यापाऱ्यासाठी साड्यांवर खडे चिकटवते. एकदा शेकडो खड्यांत एक वाकडा बसला. व्यापाऱ्याला तो कधीच दिसला नसता, तरी आईनं तो काढून पुन्हा लावला. मी चिडले, तर म्हणाली, "कोणले दिसो का नही दिसो, माले ते माहीत शे ना." ही गोष्ट मी सरांना त्यांच्या केबिनमध्ये सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, भरून आलं असेल.

दोन महिन्यांनी त्यांच्या व्याख्यानाचा एक व्हिडिओ पाहिला. त्यात सरांनी सांगितलेल्या गोष्टीत सरांचीच आई गावाकडच्या ओसरीवर साडीला खडे लावत बसली होती. वाकडा खडा तिनं नखानं उपटला आणि माझ्या आईचं वाक्य शुद्ध मराठीत म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, "प्रबंधातून ते उदाहरण काढून टाका. परीक्षकांना वाटेल, माझ्याकडून उचललंय."

चोर तर चोर, वर शिरजोर!

मग तेच व्याख्यान सुरतेतल्याच पर्वत पाटियाजवळच्या एका मराठी मंडळात ठरलं. मी आईला सगळं सांगितलं, काय काय विचारायचं ते पढवलं आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मला सरांचा चेहरा उतरलेला पाहायचा होता, चार लोकांत, माझ्या लोकांत. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हाही मी इतकी खूश नव्हते.

सरांनी गोष्टीतली आई पुन्हा ओसरीवर बसवली, पुन्हा तिच्या नखानं खडा उपटला. हॉलमधल्या अर्ध्या बायका हेच काम करणाऱ्या. त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. शेवटी माझी आई उठली.

"सर, नखानी खडा उपटा ते कापड फाटस. तुमनी माय कशी काढे?"

"म्हणजे... अगदी हळूच..." सर रुमाल शोधू लागले. बायका हसल्या. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. पुढचा प्रश्न ठरलेला होता: ही माय तुमची, की माझ्या पोरीची?

आईनं सरांच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. "मागून थिनरना बोळा लावना पडस, मंग सुईवरी उचलना," ती म्हणाली. "जुनी गोठ शे, इसरी गया व्हतीन सर." आणि खाली बसली.

परतीची रिक्षा डिंडोलीत आली तशी मी फुटलेच. "तू त्याले काबर सोडी दिधं?"

"कोठे सोडं मी?" आई पदर सावरत उतरली. "त्याले माहीत शे ना."

माझं एवढ्यानं समाधान झालं नाही. मला तो माणूस भर सभेत उघडा पडलेला हवा होता, अजूनही हवा आहे. आईचा राग मला तेव्हा सरांपेक्षा जास्त आला होता.

पुढच्या आठवड्यात प्रबंधातलं आईचं प्रकरण मी सरांपुढे ठेवलं. त्यातला एक शब्दही गाळला नव्हता. थिनरचा बोळा तेवढा वाढवला होता. "ठेवून जा," ते म्हणाले. मी गेले नाही. ते पानं उलटत आईच्या पानाशी येईपर्यंत समोर बसून त्यांच्या कानांकडे पाहत राहिले. कान लाल झाले. त्यांनी मान वर न करता मंजुरीची सही केली.