आजोबांचं पाऊल ‘एक’ला उठत नसे

मुलांनो, तुमच्यापैकी थोरली आता मेंदूतल्या प्रथिनांचा अभ्यास करते आहे. परवा तिने विचारलं, आजोबांना नेमकं काय झालं होतं? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

जुन्या जालन्यात आपली धान्याची आडत होती. आजोबांचा उजवा अंगठा हळूहळू बोटावर फिरू लागला, चिमटीत ज्वारीचा दाणा पारखावा तसा. सगळ्या घराला ती धंद्याची सवयच वाटली. जेवताना, पेपर वाचताना, झोप लागेपर्यंत तो नसलेला दाणा फिरत राहायचा. पुढे चाल आखडली, तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

नंतर मी इंग्रजी पुस्तकं मागवून वाचली. चेतापेशीतल्या प्रथिनाला आपली ठरलेली घडी असते. आल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाची घडी चुकली की ते शेजारच्या आपल्याच भावंडाला चिकटतं, त्यालाही बिघडवतं, आणि पेशीत गुठळ्या साचतात. हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या पेशी एकेक करून विझत जातात. हे सगळं आवाज न करता, वर्षानुवर्षं चालतं.

घरात दिसायचं ते एवढंच: दार आलं की त्यांचे पाय जमिनीला चिकटत. पलीकडे आडतीच्या उन्हात धान्याची धूळ तरंगत असे, आणि ते उंबऱ्याशी उभे राहात, लांबून कुणी हाक मारणार आहे नि तेवढी ऐकून निघायचं आहे, असे.

त्याच वर्षी तुमच्या आईचं लग्न ठरलं. मांडव हसनाबादला, आमच्या शेतातल्या घरापुढे. आजोबांनी सांगून टाकलं, “मला खुर्चीत घालून न्यायचं न्हाई. चालत आलो तर कन्यादान मी करीन, न्हाईतर धाकट्याला बसवा.”

ताल दिला तर पाय उचलतील, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज दाराशी टाळ्या वाजवून मोजायची, “एक, दोन, तीन.” पाऊल हलत नसे. एके दिवशी ते वैतागले.

“एवढी इंग्रजी शिकलीस अन् मोजता येईना तुला? पयल्या मापाला एक म्हनतेत का कुठं?”

“मग काय म्हणू?”

“लाभ म्हन. लाभ, दोन, तीन. आडतीत राहून एवढं ऐकलं न्हाईस व्हय?”

ऐकलं होतं, माप घालणारे पहिल्याला लाभच म्हणत. मी म्हटलं, “लाभ,” आणि त्यांचा पाय उंबऱ्यापलीकडे गेला. बाहेरून ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय चालवू शकतो, असं पुस्तकात आहे. ‘एक’ला ती वाट का उघडत नव्हती, ते नाही.

लग्नाच्या दिवशी बँडचा एवढा कल्लोळ की माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचेना. ते दारात थिजले. भटजी घड्याळ पाहू लागले. धाकटे दीर कन्यादानासाठी उठून उभे राहिले. तेवढ्यात पिवळ्या साडीतली तुमची आई पाटावरून उठली आणि थेट बापापुढे जाऊन उभी राहिली.

“नवरीनं मधेच उठावं का गं?” तिच्या आत्याबाई म्हणाल्या.

“लाभ,” तुमची आई म्हणाली. आणि मागे सरकत, “दोन.”

ते आले, पाण्यातून चालल्यासारखे. बँडवाल्यांनी आपण होऊन वाजवणं थांबवलं. मांडवात तिच्या मोजण्याखेरीज आवाज नव्हता.

ते पाटावर बसले, झारी हातात घेतली. पाय आले होते, पण हात थरथरतच होता. पाण्याची धार थोडी ओंजळीत, थोडी तिच्या मनगटावर, बाकी साडीवर. भटजी हळूच म्हणाले, “कोणीतरी हात धरा यांचा.”

“राहू द्या भटजीकाका,” तुमची आई म्हणाली. “सांडू द्या, ऊन लई हाय.”

झारी रिकामी होईपर्यंत तिने ओंजळ हलवली नाही.