पूर्ण झालेली कार्डं

यादीत एखादं काम अर्धवट दिसलं की मला चैन पडत नाही. अमरावतीच्या आमच्या लहानशा कंपनीत मी वीस वर्षं याद्यांवरच काम चालवलं. आम्ही दालमिलसाठी सॉफ्टवेअर बनवतो. काट्यावर आलेल्या ट्रकचं वजन, कोणत्या गोदामात किती तूर, एवढंच. अकोल्याच्या मिल सांभाळायला तिथे एकच माणूस होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला ताई. मोटारसायकलवरून एकेका मिलमध्ये जायचं आणि काट्यावरच्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायचा, हे त्यांचं काम.

मग पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला विकत घेतलं आणि स्प्रिंट आले. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट, कॉम्प्युटरवरच्या बोर्डवर प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि रोज सकाळी साडेनऊला व्हिडिओवर स्टँड-अप, म्हणजे उभ्याउभ्या उरकायची छोटी बैठक. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? पहिल्या दिवशी भाऊ खरोखरच उभे राहिले. पंधरा मिनिटं आम्हाला त्यांच्या शर्टाची बटणं दिसत होती.

अडचण विचारली की ते रोज म्हणायचे, "काई अडचण नाई जी."

मी फोन केला. "भाऊ, दोन मिलमध्ये इंटरनेट बंद आहे. सांगत का नाही?"

"दहा लोकाईसमोर साहेबाले रडगाणं आयकवू काय ताई? आपली अडचण आपण निस्तराव."

त्यांच्या नावावर कार्डंच नव्हती. पुण्याचे प्रमुख, वयाने माझ्या भाच्याएवढे पण सज्जन, एकदा म्हणाले, "अकोल्याची व्हिजिबिलिटी कमी आहे, तिथलं काम बोर्डवर दिसतच नाही." भाऊंची नोकरी धोक्यात आहे हे मला कळलं. मग मी रोज संध्याकाळी सहाला त्यांना फोन करू लागले. ते सांगायचे, मी कार्डं टाकायची.

"आज काय केलं?"

"त्या चार नंबरच्या मिलवाल्याले पुन्हा समजावलं. तेच चुकून राहिला तो."

मी लिहायची: प्रशिक्षण, मिल क्रमांक चार. आणि कार्ड 'पूर्ण'च्या रकान्यात सरकवायची. काट्यावरची माणसं दर हंगामात बदलतात, तोच प्रश्न परत येणार, हे मला ठाऊक होतं. तरी कार्ड उघडं ठेवायला माझा हात धजला नाही.

तीन महिन्यांनी आढावा झाला. अकोल्याची एकूण एक कार्डं पूर्ण.

"सुपर्ब," प्रमुख म्हणाले. "म्हणजे अकोल्याचं ऑनबोर्डिंग, मिलवाल्यांना शिकवून तयार करणं, संपलं. ही पोझिशन आता बंद करता येईल."

मी म्हटलं, ते काम संपत नसतं, रोज नव्याने करावं लागतं.

"मग बोर्डवर तसं का दिसत नाही, मॅडम?"

त्यांनी माझा मुद्दा 'पार्किंग लॉट'मध्ये टाकला, म्हणजे नंतर बोलायच्या विषयांत. नंतर कोणी बोललं नाही. त्याच बैठकीत त्यांनी भाऊंना विचारलं, काही अडचण? भाऊ म्हणाले, "नाई जी."

भाऊंना कामावरून कमी केल्याचं पत्र निघाल्यावर मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. भाऊ एका मिलच्या काट्याजवळ उभे होते.

"माझं चुकलं भाऊ. तुमची सगळी कामं मीच पूर्ण करून टाकली."

"तुमी तं माह्या भल्यासाठीच केलं न. चहा घ्या." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिल राह्यल्या आजच्या. मले निघा लागते."

आता तुरीचा हंगाम लागला आहे. चार नंबरच्या मिलमधून मला फोन येतात. "ताई, त्या भाऊले पाठवा न. वजन सेव्हच होऊन नाई राह्यलं."

मी कार्ड बनवते. काम कोणाकडे, ही जागा रिकामी सोडली तरी बोर्ड ते घेतो. अशी अकरा कार्डं झाली आहेत. साडेनऊला मला अडचण विचारतात तेव्हा मी अकराच्या अकरा वाचून दाखवते. प्रमुख शांतपणे ऐकून घेतात, "नोटेड" म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात.