रिकाम्या टाकीचा गारवा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, "काय घेतलं होतं?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण इंदापूरला घरी आता कुणी ऐकून घेत नाही... म्हणून इथं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. दौंड-बारामतीच्या छोट्या रेल्वेवर मी बांधकामाचा मिस्त्री होतो. बारामतीच्या अलीकडे एका गावाला इंजिनांना पाणी देणारी जुनी टाकी होती – उंच दगडी बांधकामावर बसवलेली लोखंडी पत्र्याची, भोवती माणूस उभा राहील एवढी कड. पाण्याची सोय दुसऱ्या स्टेशनावर झाली आणि ही चार वर्षं कोरडी पडली. भंगारात काढायचं घाटत होतं. तेवढ्यात गावाचा अर्ज आला : टाकी आमची खूण आहे, पाडू नका. पाहुण्याला वाट सांगायची ती टाकीवरून, सोयरिकीला येणारेही 'टाकीचं गाव' म्हणूनच ओळखायचे. ठेवायची की कंडम करायची, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं.

चैत्रातल्या भर दुपारी पोचलो. तात्या तिथंच बसले होते. या टाकीत पाणी चढवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. आता रिटायर, तरी रोज हजर.

"कोरडी आहे ना, तात्या?"

"हात लावून बघा की, साहेब."

टाकीत पाणी किती, हे बघायची त्यांची रीत होती. उन्हात पत्र्यावर तळहात फिरवायचा. पाणी असेल तिथवर गार, त्याच्या वर चटका. मी कडेवर चढून हात लावला. छातीपर्यंत पत्रा गार... त्याच्या वर बोट टेकवेना.

संशय अर्थातच गावाचा आला. ओली पोती गुंडाळली असणार. मी वरून आत उतरलो. धूळ, चिमण्यांच्या काड्या, कापलेला पाइप. थेंबभर पाणी नाही. आतूनही पत्रा छातीपर्यंत गार.

"हे काय नाटक आहे?"

"नाटक कशाचं? चार वरसं असंच हाय. मी कुणाला बोललो न्हाय. बोललो असतो तर लोकांनी शेंदूर फासला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समोरच्या बाभळीखाली ठाण मांडलं. भाकरीही तिथंच खाल्ली. कुणी फिरकलं नाही. दुपारी हात लावला तर पुन्हा तेच. बनवाबनवी नक्की होती, आणि ती मला सापडत नव्हती, याचाच राग जास्त. पत्रा दुहेरी असेल, मध्ये पाणी दडवलं असेल... मी छिन्नी-हातोडा काढला.

तात्या उठून उभे राहिले. "पाडायची तर पाडा साहेब, पण भोक नगा पाडू."

"का?"

"भरल्या टाकीला कुणी भोक पाडतं व्हय?"

मी ऐकलं नाही. तळाशी एक रिव्हेट तोडून अंगठ्याएवढं भोक पाडलं. पत्रा एकेरीच होता. बाहेर काहीच आलं नाही, साधी ओलसुद्धा नाही. मी जिंकल्यासारखं तात्यांकडे पाहिलं. ते पत्र्यावर हात ठेवून उभे होते. जरा वेळानं त्यांनी हात वीतभर खाली घेतला. मग आणखी खाली. मीही हात लावला...

गारव्याची हद्द खाली सरकत होती.

माझी तंतरली. उपरणं फाडून भोकात कोंबलं, वरून अंगठा दाबून धरला. काही उपयोग झाला नाही. तासाभरात सगळा पत्रा तळापर्यंत तापला.

"रिकामी झाली," तात्या म्हणाले, आणि पायताण घालून घरी गेले.

रिपोर्टात मी 'बांधकाम भक्कम, पाडू नये' असं लिहिलं. टाकी वाचली. गावानं तिला रंग दिला, वर गावाचं नाव घातलं, मला फेटा बांधला. तात्या आले नाहीत. बोलवायला गेलो तर म्हणाले, "तुमी निस्ता डबा राखला, साहेब." पुढं ते टाकीकडे कधीच फिरकले नाहीत, असं ऐकलं.

त्या भोकातून काय गेलं, मला आजतागायत कळलेलं नाही. गेलं ते माझ्या हातानं, एवढं मात्र पक्कं.