गांज्याची फाईल मी डाकेत टाकली

भावाच्या तेरवीला आमच्या गावी, आंजीत जमलेल्या प्रत्येकानं माझं कौतुक केलं. पानं मांडता मांडता वहिनी थांबल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "भाऊजीनं बापावाणी केलं त्याइचं. त्याइच्या औषधासाठी थ्या हापिसात चकरा मारून मारून चपला झिजल्या यांच्या." मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.

चपला झिजल्या हे खरं आहे. त्या कशामुळे झिजवाव्या लागल्या, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात संशोधन विभागाचा बाबू आहे. डॉक्टर लोक प्रस्ताव लिहितात, सरकारकडून पैसे मंजूर होतात, आणि त्या पैशांसाठी लागणारा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वेदना विभागातल्या मॅडमचा एक प्रस्ताव मंजूर होऊन आला. गांज्याच्या झाडापासून काढलेलं तेल तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना, त्यांची नेहमीची औषधं चालू ठेवून, थेंबाथेंबानं द्यायचं आणि दुखणं कमी होतं का ते पाहायचं, असा तो अभ्यास होता. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं आमच्याकडे किती तोंडं सडली आहेत हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. विभागाच्या बाहेरच्या बाकांवर गाल बांधून बसलेली माणसं मी रोज पाहत होतो.

मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मला भाऊ म्हणतात. मी त्यांना विचारलं होतं, "यानं गुण येतो का, मॅडम?"

"तेच तर माहीत नाही, भाऊ. माहीत असतं तर सरकारला पैसे कशाला मागितले असते? आणि दुसरं कोण देणार? बांधावर उगवणाऱ्या झाडासाठी कोणती कंपनी खिशात हात घालेल?"

पैशांना दोन अटी होत्या. पहिला हप्ता मार्चअखेरपर्यंत खर्च झाला पाहिजे, नाहीतर तो परत जाणार. आणि असलं तेल जवळ ठेवायचा परवाना हातात येईपर्यंत त्यातला एक रुपयाही खर्च करायचा नाही.

आमच्या ऑफिसात ती 'गांज्याची फाईल' झाली. चहा घेऊन येणारा शिपाई म्हणायचा, "बाबूजी, थोडं आमाले चाखाले ठेवजा." लेखा विभागातला एकजण तर रोज दारात उभा राहून विचारायचा, "जिल्ह्यात दारू बंद हाय म्हणून सरकारनं हे धाडलं काय?" सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते लागायचं. माझे वडील खादी घालणारे. आयुष्यभर गावोगाव फिरून लोकांच्या दारूच्या भट्ट्या मोडायला लावणारे. त्यांच्या मुलानं सरकारी कागदावर गांजा मागायचा, हे काही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

दिवाळीत आंजीला गेलो तेव्हा मीच हा विषय चेष्टेनं काढला. दादा अंगणात खाटेवर बसला होता. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर शेती त्यानं केली आणि मला शिकवलं. मी त्याच्यासाठी वर्ध्याहून दोन खर्रे आणले होते, नेहमीसारखे. म्हणालो, "दादा, सरकार आता गांज्यासाठी पैसे देऊन राह्यलं. शेतात तूर कायले लावतं?" तो हसला, पण तोंड मिटूनच. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

आता फाईलचं सांगतो. कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की कागद डाकेनंही जातो आणि हातानंही जातो. नियम डाकेचा आहे. पण ज्या कागदाची कोणाला खरंच गरज असते तो कोणीतरी स्वतः नेतो, समोरच्या बाबूच्या टेबलावर ठेवतो, दोन शब्द बोलतो, आठ दिवसांनी पुन्हा जातो. डाकेनं आलेला कागद म्हणजे घाई नसलेला कागद. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे तसंच धरून चालतात. मीही माझ्या टेबलावर तेच करत आलो आहे.

मॅडमनी परवान्याच्या अर्जाची फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही मात्र तुम्ही स्वतः घेऊन जा, भाऊ."

मी गेलो होतो. थंडीचे दिवस होते. परवाना देणाऱ्या उत्पादन शुल्क कार्यालयाच्या फाटकात पोचलो तर ओसरीवर आमच्या आंजीचे दोघे बसलेले. मोहाची दारू पकडली गेल्याचं काहीतरी प्रकरण होतं त्यांचं. त्यातला एकजण उठून उभा राहिला. "अरे, बाबूजी! तुमी इकडं काऊन?"

माझ्या काखेत फाईल होती. वर मोठ्या अक्षरांत विषय लिहिलेला होता. मी तो भाग छातीकडे फिरवला.

"काई नाई. इकडून चाललो होतो."

आणि खरंच तसाच पुढे चालत गेलो. कॉलेजात परत आलो, फाईल पाकिटात घातली, नोंद केली आणि डाकेत टाकली. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "दिली?" मी म्हणालो, "दिली, मॅडम."

एवढंच मी केलं. नियमाप्रमाणेच केलं. जावक नोंदवहीत माझ्या अक्षरात ती नोंद आहे, आणि कोणी चौकशी बसवली तर मी त्यातून स्वच्छ बाहेर येईन.

संक्रांतीला दादाला तिळाचा लाडू खाता येईना. वहिनींनी तो कुस्करून दिला तरी जाईना. तोंड एका बोटापुरतं उघडत होतं. वहिनी म्हणाल्या, दसऱ्यापासून असंच चालू आहे, पण सांगू देत नव्हते. मी त्याला दुसऱ्याच दिवशी कॉलेजात आणलं. गाठ गळ्यापर्यंत गेली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणांचे शेक दिले, मॉर्फिनच्या गोळ्या देऊन घरी सोडलं. त्या वहिनी ठेचून पाण्यात कालवायच्या, तरी अर्ध्या बाहेर यायच्या. दुपारी गुंगीत पडून राहायचा आणि गुंगी उतरली की खाटेची दोरी मुठीत आवळायचा.

पुढच्या खेपेला मॅडमनी त्याला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "आपल्या अभ्यासात हे बसतात, भाऊ. थेंब आहेत, तोंड उघडायची फारशी गरज नाही. निम्म्या रुग्णांना साधं तेल मिळेल, कोणाला कोणतं ते चिठ्ठीनं ठरणार, त्यात माझ्या हातात काही नाही. पण नाव घेता येईल. फाईल जाऊन महिना होऊन गेला, परवाना आता यायलाच पाहिजे, नाही का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दादाला समजावून सांगितलं. त्यानं गालावरचं फडकं नीट केलं आणि तसाच दात मिटून म्हणाला, "थेच काय बे, दिवाळीत सांगे ते?"

"हो."

"चिठ्ठीत नाव तं टाकशीन ना?"

"टाकतो, दादा."

"मंग बस झालं. तू हायेस ना तिथं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच फाटकातून आत गेलो. कोण बसलं आहे, कोण पाहतं आहे, याची आता शुद्ध नव्हती. तिथले बाबू माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी गठ्ठे खालीवर केले आणि खालच्या एका गठ्ठ्यातून आमचं पाकीट काढलं.

"ही तं डाकेनं आली, साहेब."

"हो."

"अर्जंट असती तं कोणी माणूस आला असता, असं समजलो आमी." मग माझ्याकडे पाहून हसले. "तुमी बी बाबूच. तुमाले सांगाले पाह्यजे काय?"

मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. माणूस चांगला होता. त्यानं त्याच दिवशी फाईल वर सरकवली. पण फाईल एकदा चालू लागली की तिला तिची पावलं टाकावीच लागतात. तेल ठेवायच्या कपाटाची तपासणी, दोन कुलुपं, दोन किल्ल्या कोणाकोणाकडे राहणार याचं पत्र, पोलिसांचा अहवाल, एक सही, दुसरी सही. मी रोज जाऊ लागलो. कधी सकाळी कॉलेजला जायच्या आधी, कधी जेवणाच्या सुट्टीत. संध्याकाळी आर्वीच्या रस्त्यानं आंजी, दादाजवळ तासभर, आणि परत. तो रोज तेच विचारायचा.

"काय झालं बे लहान्या, थ्या फाईलचं?"

"चालू हाय, दादा."

महाशिवरात्रीच्या सुमारास शेजारचा एकजण ओसरीवर येऊन वहिनींच्या कानाशी बोलला. फाईल कायले पाहता, म्हणे, मी आणून देतो, चिमूटभर दुधात टाकजा. वहिनी माझ्याकडे आल्या. "भाऊजी, आणू काय? कोणाले समजणार बी नाई." मी काही बोलायच्या आत दादानं हात वर केला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"डॉक्टरनं हातानं देल्लं तं घेईन," तो म्हणाला. एकेक शब्द काढायला त्याला वेळ लागत होता. "चोरून नाई." मग भिंतीवरच्या, टोपी घातलेल्या बाबांच्या फोटोकडे बोट केलं. "त्याइच्या घरात मी गंजेटी म्हणून मरू काय?"

मी बाहेर येऊन नळाशी उभा राहिलो. ही तीच लाज होती, बाबांकडून दोघांना सारखी आलेली. तिच्यापायी मी फाटकातून परत फिरलो होतो. तिच्यापायीच त्याला दुसरा रस्ता नव्हता. सरकारचा शिक्का असलेलं, मॅडमच्या हातून आलेलं औषधच तो घेणार होता, आणि ते मी पाकिटात घालून झोपवलं होतं.

परवाना आला तेव्हा मार्च संपून गेला होता. थोडेच दिवस उशीर झाला होता, पण पैसे परत गेले. मॅडमनी मुदत मागितली. उत्तर आलं की नव्यानं प्रस्ताव पाठवावा.

दादाला सांगायला मीच गेलो. ऊन चढलं होतं. वहिनी ओल्या फडक्यानं त्याचा गाल पुसत होत्या.

"पैसे वापस गेले, दादा. उशीर झाला."

त्यानं वहिनींचा हात बाजूला सारला. मग विचारलं, "कोन झोपलं होतं बे?"

तो प्रश्न त्यानं रागानंही विचारला नव्हता. मी दिलेलं उत्तर मला नीट आठवतं.

"थ्या हापिसातले," मी म्हणालो.

दादानं डोळे मिटले. "त्याइच्या घरी कोनी दुखण्यानं पडत नाई काय?"

वहिनींनी त्या ऑफिसला जे शाप दिले ते मी शेवटपर्यंत ऐकले. दादा वैशाखात गेला. शेवटचे चार दिवस त्याच्या मुठीतून खाटेची दोरी सोडवता आली नाही. त्या तेलानं त्याला आराम पडला असता असं मी म्हणत नाही. चिठ्ठीत त्याला साधं तेलही आलं असतं. पण माझ्याकडे त्यानं गुण मागितलाच नव्हता. त्यानं फक्त चिठ्ठीत नाव मागितलं होतं.

तेरवीनंतर कामावर आलो तर मॅडमनी नवा प्रस्ताव तयार ठेवला होता. वरिष्ठांची शिफारस होती, पैसे मिळायची आशा होती. या वेळी परवान्याचा अर्ज आधीच द्यायचा होता. सोबतचं पत्र त्यांनी मला तोंडी सांगितलं आणि मी टाईप करत गेलो. एका वाक्याशी त्यांचा आवाज कडक झाला: "मागील वेळी आमच्या कर्मचाऱ्याने अर्ज वेळेत, समक्ष सादर करूनही परवान्यास विलंब झाला व रुग्ण उपचारापासून वंचित राहिले." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या भावासाठी मुद्दाम घातलंय, भाऊ."

बोटं कळफलकावर होती. तिथेच थांबून सांगता आलं असतं. मी पूर्णविराम दिला आणि पत्र छापलं.

फाईल घेऊन मी स्वतः गेलो. बाबूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पत्र वाचू लागले. त्या वाक्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांच्या आवक नोंदवहीत अर्ज कसा आला हे लिहिलेलं होतं, आणि ते त्यांना नोंदवही न उघडताही आठवत होतं. त्यांनी वर पाहिलं. आता हा माणूस ओरडेल, असं मला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं.

"भाऊ कसे हायेत तुमचे?" त्यांनी विचारलं.

"गेले."

बोट अजून त्या ओळीवरच होतं. मग त्यांनी ते उचललं, पत्र फाईलीत लावलं, शाईच्या गादीवर शिक्का दाबला आणि पोच लिहून माझ्यापुढे सरकवली.

"बसा, बाबूजी. पाणी घ्या." थोड्या वेळानं म्हणाले, "या बारी समक्ष आले, बरं केलं."

मी पाणी प्यालो. पोच खिशात घातली. परवा रविवार आहे, आंजीला जावं लागेल. वहिनी चहा पुढे ठेवतील, पदर सावरतील आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांना शिव्या देतील. मी चहा पिईन.