बाईसाहेबांची कानटोपी

हिंदी मुलखातल्या आमच्या सुदामा नगरात थंडी किती पडली हे आम्ही मोबाइलवर बघत नसू, दिघेकाकांचा मफलर कुठे आहे ते बघत असू. मफलर काकांच्या गळ्यात असला तर साधा गारवा. तो अंगणातल्या फर्नच्या कुंडीला गुंडाळलेला, आणि काका उघड्या गळ्याने शिंकताहेत, म्हणजे समजायचं, आज पाला पडणार, दवसुद्धा गोठणार!

ही फर्न काकूंनी पचमढीहून आणलेली. काकू गेल्या, फर्न उरली. काका तिला बाईसाहेब म्हणत. संध्याकाळी पाणी नाही, रात्री मफलर, सकाळी ऊन आलं की मोकळं. मी चेष्टा केली की म्हणत, "भिया, ठंड आदमी को बाद में लगती है, पत्ते को पहले." हो, भिया म्हणजे भाऊ, पण मला, शेजारच्या बाईमाणसालाही, ते भियाच म्हणत. सगळ्या गल्लीलाच म्हणत.

आतली गोष्ट वेगळीच होती. पुण्याचा मुलगा प्रसाद दर दिवाळीत म्हणायचा, "बाबा, एकटे नका राहू, कायमचे इकडे या." काकांना घर सोडायचं नव्हतं आणि मुलाचं मनही मोडायचं नव्हतं. मग ते फर्नला पुढे करत. "अरे, थंडीत हिला कोण बघेल?" उन्हाळ्यात, "लू लागेल ना हिला!" शेवटी प्रसाद वैतागला. "ठीक आहे, ती जिवंत आहे तोवर राहा. मग मात्र बहाणा नको."

त्याच हिवाळ्यात काकांना ताप भरला. रात्री कुंडीला मफलर गुंडाळायचं काम माझ्याकडे, आणि मी मेली विसरले! सकाळी पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी. मी रडवेली होऊन सांगायला गेले. काका रागावले नाहीत. म्हणाले, "कापू नको. जळकी पानं हीच आता तिची रजाई." कुंडीवर आपली कानटोपी चढवली, मफलर गुंडाळला. आता दिवसासुद्धा काढेनात.

मग आला प्रसादचा व्हिडिओ कॉल. "टोपी काढा की बाबा, फर्न बघू दे." काका कुंडीचा मफलरच नीट करत बसले. बहाणे कितीही करतील, पण धडधडीत खोटं त्यांना जमत नसे. मीच पुढे झाले, "नको रे प्रसाद, हवा लागेल बाईसाहेबांना!" पुढे दोन महिने आम्ही दोघं त्या कुंडीला रोज सकाळी इमानेइतबारे पाणी घालत होतो. माझ्या विसरभोळेपणापायी या माणसाचं घर सुटणार, या धास्तीने मी एकही सकाळ चुकवली नाही.

रंगपंचमीच्या सकाळी हाक आली, "भिया, दौड़!" टोपी बाजूला पडलेली, आणि जळक्या पानांच्या मधोमध कोवळ्या पानाचं एक हिरवं, लव असलेलं वेटोळं. "जलेबी आली, जलेबी!" काका हसत होते आणि डोळे पुसत होते. मलाही रडू आवरेना.

काका पुढे तीन हिवाळे त्याच घरात राहिले, आणि तिथूनच गेले. बाईसाहेब आता माझ्याकडे आहेत, मफलर-कानटोपीसकट. पण मला काका आठवतात ते त्या सकाळचे. डोळे अजून ओले, फोन कानाला, आणि आवाज कमालीचा गंभीर, "प्रसाद, अरे घरात तान्हं बाळ आहे. आता कसा येऊ मी?"